गांडुळं जगली, पण पक्षी मेले: डीडीटीला प्रश्न विचारणाऱ्या रेचल कार्सन यांची गोष्ट

१९५५ सालचा वसंत ऋतू. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसमध्ये नेहमीप्रमाणे रॉबिन पक्षी परत आले. तांबूस छातीचे हे पक्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे जातात. ते परत दिसले, की आता थंडी संपली असं तिथली माणसं समजतात.

पण या वेळी काहीतरी बिनसलं होतं. हिरवळीवर मेलेले रॉबिन सापडू लागले. काही पक्षी तोल जाऊन पडायचे, थरथर कापायचे, आचके द्यायचे आणि मरायचे. त्यांच्या जागी नवे पक्षी यायचे, तेही मरायचे.

पक्ष्यांना कुणी विष घातलं नव्हतं. औषध फवारलं होतं ते झाडांवर, तेही आदल्या वर्षी. मग पक्षी आता का मरत होते?

उत्तर जमिनीखाली होतं, गांडुळांच्या शरीरात.

हे कोडं सोडवलं पक्षी आणि कीटकांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी. पण ते शोधनिबंधांमधून बाहेर काढून जगासमोर ठेवलं एका लेखिकेने. तिचं नाव रेचल कार्सन. गंमत म्हणजे त्यांचं जवळपास सगळं लेखन तोपर्यंत समुद्रावर होतं.

समुद्र न पाहिलेली मुलगी

रेचल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ चा. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं स्प्रिंगडेल हे त्यांचं गाव. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब. घरची परिस्थिती बेताची, पण घराभोवती मोकळी जमीन आणि झाडी भरपूर. आई मारिया मुलीला घेऊन रानात फिरायची, पक्षी आणि किडे ओळखायला शिकवायची.

लिहिण्याचा नाद लहानपणीच लागला. अकराव्या वर्षी त्यांची गोष्ट ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या प्रसिद्ध मासिकात छापून आली. मोठं होऊन लेखिका व्हायचं हे ठरलेलंच होतं. म्हणून १९२५ मध्ये कॉलेजात गेल्या त्या इंग्रजी साहित्य शिकायला.

तिथे मेरी स्किंकर नावाच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापिका भेटल्या आणि गाडीने रूळ बदलला. कार्सन यांनी साहित्य सोडून जीवशास्त्र घेतलं. मुलीने विज्ञान शिकून करायचं काय, असं विचारण्याचा तो काळ होता.

१९२९ मध्ये पदवी मिळाली. त्याच उन्हाळ्यात वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत काम करायची संधी आली आणि बावीस वर्षांच्या कार्सन यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. पुढे १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची मास्टर्स पदवी घेतली. पीएचडी करायची होती, पण ती राहून गेली. अमेरिकेत महामंदी होती आणि घरात पैसे नव्हते.

घर चालवण्यासाठी सरकारी नोकरी

१९३५ मध्ये वडील अचानक गेले. आईची जबाबदारी अंगावर आली. कार्सन यांना अमेरिकेच्या मत्स्य विभागात रेडिओसाठी स्क्रिप्ट लिहिण्याचं काम मिळालं. माशांवरची माहिती कंटाळवाणी न होता लोकांपर्यंत पोहोचवायची, असं ते काम. त्यांना ते इतकं छान जमलं, की १९३६ मध्ये त्या तिथेच जीवशास्त्रज्ञ म्हणून कायम झाल्या. त्या विभागात पूर्णवेळ तज्ज्ञ पदावर घेतल्या गेलेल्या त्या फक्त दुसऱ्या महिला.

पुढच्याच वर्षी बहीण वारली. तिच्या दोन मुलींना कार्सन आणि त्यांच्या आईने सांभाळलं. दिवसा नोकरी, रात्री लेखन आणि मधल्या वेळात घर, असा दिनक्रम पुढची अनेक वर्षं चालला.

पहिलं पुस्तक १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये आलं. महिन्याभरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली आणि समुद्री जिवांवरचं पुस्तक घ्यायला कुणाला सवड राहिली नाही.

दहा वर्षांनी नशीब पालटलं. १९५१ मध्ये ‘द सी अराउंड अस’ प्रसिद्ध झालं आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत ते ८६ आठवडे राहिलं. त्याला अमेरिकेचा राष्ट्रीय पुस्तक पुरस्कारही मिळाला. १९५२ मध्ये कार्सन यांनी नोकरी सोडली आणि मेन राज्यात समुद्रकिनारी एक छोटं घर बांधलं. आता निवांत समुद्रावर लिहायचं, असा बेत होता.

डीडीटी तेव्हा हिरो होतं

डीडीटी किडे मारतं, हे १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी दाखवून दिलं. दुसऱ्या महायुद्धात या पांढऱ्या पावडरीने चमत्कारच केला. इटलीतल्या नेपल्स शहरात उवांमुळे पसरणारा टायफस ताप आटोक्यात आला. मलेरियाचे डास मरू लागले. म्युलर यांना १९४८ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

युद्ध संपल्यावर हेच डीडीटी शेतात, बागेत, स्वयंपाकघरात आणि विमानातून थेट गावांवरही फवारलं जाऊ लागलं. स्वस्त, टिकाऊ आणि माणसाला लगेच काही होत नाही, म्हणजे सुरक्षित, असा सरळ हिशोब होता.

कार्सन यांना शंका आधीपासून होती. मेरीलँडमध्ये डीडीटीचा वन्यजीवांवर काय परिणाम होतो याच्या चाचण्या सुरू होत्या, त्यांचे अहवाल त्या नोकरीत असताना पाहत होत्या. १९४५ मध्ये त्यांनी यावर लेख लिहायची कल्पना ‘रीडर्स डायजेस्ट’ला सुचवली. मासिकाने रस दाखवला नाही.

मग १९५८ च्या जानेवारीत एक पत्र आलं. मॅसॅच्युसेट्समधल्या ओल्गा हकिन्स या ओळखीच्या बाईंनी ते पाठवलं होतं. त्यांच्या घराच्या आवारात पक्ष्यांसाठी राखलेली जागा होती. डासांसाठी वरून विमानाने फवारणी झाली आणि तिथले पक्षी तडफडून मेले. हकिन्स यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि कार्सन यांच्याकडे मदत मागितली.

त्याच सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे रहिवासी विमानातून होणाऱ्या फवारणीविरुद्ध कोर्टात गेले होते. कार्सन यांनी कागदपत्रं मागवायला सुरुवात केली. जितकं वाचत गेल्या, तितका विषय मोठा होत गेला. आधी एखादा लेख लिहायचा विचार होता. झालं चार वर्षांचं काम.

पान, गांडूळ, रॉबिन

आता परत मिशिगनच्या कॅम्पसवर येऊ.

अमेरिकेत तेव्हा एल्मची झाडं एका बुरशीजन्य रोगाने मरत होती. ही बुरशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात ते सालीत राहणारे भुंगेरे. म्हणून भुंगेरे मारायला झाडांवर डीडीटी फवारलं जायचं. मिशिगन स्टेटच्या कॅम्पसवर ते १९५४ मध्ये सुरू झालं.

योगायोग असा, की तिथे प्राध्यापक जॉर्ज वॉलेस यांचे विद्यार्थी जॉन मेहनर रॉबिन पक्ष्यांच्या संख्येचा अभ्यास करत होते. पक्षी मेले तेव्हा ते मोजणारं कुणीतरी आधीच तिथे होतं. वॉलेस यांना सुरुवातीला मज्जासंस्थेचा एखादा रोग असावा असं वाटलं. पण झटके आणि थरथर ही लक्षणं विषबाधेची होती.

आणखी दोन गोष्टींनी लक्ष वेधलं. एका प्रयोगातल्या झिंग्यासारख्या गोड्या पाण्यातल्या प्राण्यांना चुकून कॅम्पसवरची गांडुळं खायला घातली गेली, ते मेले. पिंजऱ्यातल्या एका सापाला तशी गांडुळं दिली, त्यालाही जोराचे झटके आले.

मग इलिनॉयमधले शास्त्रज्ञ रॉय बार्कर यांनी १९५८ मध्ये पूर्ण साखळी मांडली. ती अशी:

उन्हाळ्याच्या आधी झाडावर फवारणी होते. डीडीटीचा थर पानांवर चिकटतो, पावसानेही सहज धुऊन जात नाही. पानगळीत ही पानं जमिनीवर पडतात. एल्मचा पालापाचोळा हे गांडुळांचं आवडतं खाणं. पानांसोबत डीडीटी गांडुळांच्या पोटात जातं आणि शरीरात साठत राहतं. काही गांडुळं मरतात, पण बरीच जगतात. पुढच्या वसंतात रॉबिन येतात आणि हीच गांडुळं वेचून खातात.

एक रॉबिन दहा-बारा मिनिटांत दहा-बारा गांडुळं सहज खाऊ शकतो. आणि त्याला मारायला पुरेसं डीडीटी फक्त ११ मोठ्या गांडुळांमध्ये असू शकतं.

यातली खरी भीतीदायक गोष्ट कोणती? गांडूळ मेलं असतं, तर साखळी तिथेच तुटली असती. ते जिवंत राहिलं, वळवळत राहिलं, बाहेरून निरोगी दिसलं. म्हणूनच विष पुढे गेलं. फवारणीनंतर जमीन उकरून पाहणाऱ्याला गांडुळं दिसली असती आणि त्याने माती ठीक आहे असंच म्हटलं असतं.

कार्सन यांनी ही गोष्ट आपल्या पुस्तकात पक्ष्यांवरच्या प्रकरणात सविस्तर सांगितली. शोध त्यांचा नव्हता आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. एका राज्यातले पक्षी, दुसऱ्या राज्यातलं गांडूळ, तिसरीकडचे मासे आणि चौथीकडची माणसं हे सगळं एकाच चित्राचे तुकडे आहेत, हे त्यांनी दाखवलं.

स्वतःचं आजारपण लपवून

हे लिहिताना त्यांच्या घरात एकामागून एक संकटं येत होती. १९५७ मध्ये भाची वारली आणि तिच्या पाच वर्षांच्या मुलाला कार्सन यांनी दत्तक घेतलं. तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. १९५८ च्या डिसेंबरमध्ये आई गेली.

१९६० मध्ये त्यांच्यावर स्तनाची शस्त्रक्रिया झाली. गाठ कॅन्सरची आहे हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं नाही. त्या काळात बाईला असं थेट न सांगण्याची पद्धत होती. खरं काय ते त्यांना काही महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं, तोवर आजार पसरला होता.

कार्सन यांनी हे जवळच्या काही लोकांशिवाय कुणालाही कळू दिलं नाही. रसायनं आणि कॅन्सर यांच्या संबंधावर त्या लिहीत होत्या. स्वतःला कॅन्सर आहे म्हणून ही बाई रसायनांवर राग काढते, असं म्हणायची संधी त्यांना विरोधकांना द्यायची नव्हती. रेडिएशनने केस गेले, त्यांनी विग घातला. बसवत नसे तेव्हा अंथरुणात पडून लिहिलं.

पुस्तक आलं आणि वादळ उठलं

१९६२ च्या जूनमध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात पुस्तकाचे भाग छापून यायला लागले. २७ सप्टेंबरला ‘सायलेंट स्प्रिंग’ बाजारात आलं. पक्ष्यांचा आवाज नसलेला वसंत, असा त्या नावाचा अर्थ. पुस्तकाच्या शेवटी संदर्भांचीच ५० हून अधिक पानं होती. हल्ला होणार हे कार्सन यांना माहीत होतं.

झालंही तसंच. एका रसायन कंपनीने प्रकाशकाला खटल्याची धमकी दिली. कीटकनाशकं नसतील तर जग उपाशी मरेल, अशा आशयाचं विडंबन छापलं गेलं. त्यांच्याकडे पीएचडी नाही, त्या भावनेच्या भरात लिहितात, त्यांचं लग्न झालेलं नाही, असले मुद्देही काढले गेले. पुस्तकाचा मुख्य मुद्दा मात्र खोडता आला नाही.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी विज्ञान सल्लागार समितीला या विषयात लक्ष घालायला सांगितलं. मे १९६३ मध्ये समितीचा अहवाल आला आणि त्याने कार्सन यांच्या मुद्द्यांना मोठ्या प्रमाणात दुजोरा दिला. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. तेव्हा चालणंही जड जात होतं, पण समोरच्यांना कारण माहीत नव्हतं.

१४ एप्रिल १९६४ रोजी रेचल कार्सन गेल्या. वय होतं ५६. अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली ती १९७२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.

त्यांच्यामुळे मलेरिया वाढला का?

सोशल मीडियावर आजही एक आरोप फिरतो: कार्सन यांनी डीडीटी बंद पाडलं आणि मलेरियाने लाखो लोक मेले. यात तथ्य किती?

पहिली गोष्ट, कार्सन यांनी सगळी कीटकनाशकं बंद करा असं म्हटलंच नव्हतं. न समजता, सरसकट आणि बेसुमार वापर थांबवा, असं त्यांचं म्हणणं होतं. शेतात वारेमाप फवारलं तर डास त्याला सरावतात आणि गरज असते तेव्हा औषध चालत नाही, हा इशाराही त्यांच्याच पुस्तकात आहे.

दुसरी गोष्ट, १९७२ ची बंदी अमेरिकेपुरती होती. २००१ च्या स्टॉकहोम करारानेही रोग पसरवणाऱ्या कीटकांसाठी डीडीटी वापरायची सवलत ठेवली.

भारताचंच उदाहरण बघा. आपल्याकडे १९५३ मध्ये मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो डीडीटीच्याच जोरावर. हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी डीडीटी बनवण्यासाठी उभी राहिली. रायगड जिल्ह्यातल्या रसायनी इथेही तिचा कारखाना होता. शेतीसाठी डीडीटीवर भारताने १९८९ मध्ये बंदी घातली, पण मलेरियासाठी घरांच्या भिंतींवरची फवारणी त्यानंतरही सुरू राहिली.

आता गांडुळाचाही ‘रिपोर्ट’ काढतात

कार्सन यांच्या पुस्तकातल्या गांडुळांनी एक प्रश्न मागे ठेवला होता. प्राणी मेला तरच विषारी म्हणायचं का?

बराच काळ उत्तर जवळपास ‘हो’ असंच होतं. १९८४ मध्ये गांडुळांवर रसायनांच्या चाचणीची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली. त्यात रसायन मिसळलेल्या मातीत १४ दिवस गांडुळं ठेवतात आणि किती मेली ते मोजतात. यासाठी वापरतात ते ‘आयसेनिया फेटिडा’ जातीचं गांडूळ. आपल्याकडे गांडूळखताच्या बेडमध्ये सोडतात, तेच हे लाल गांडूळ.

पण कॅम्पसवरची ती जिवंत गांडुळं या मोजणीत सुरक्षित म्हणूनच धरली गेली असती.

इथे मेटाबॉलिक प्रोफायलिंग कामाला येतं. नाव मोठं असलं तरी कल्पना ओळखीची आहे. आपल्याला काही होत नसतानाही आपण रक्त तपासतो. साखर किंवा क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं, की शरीरात काय चाललंय ते लक्षणांआधी कळतं. तसंच गांडुळाच्या शरीरातले साखर, अमिनो आम्लं यांसारखे छोटे रेणू एकाच वेळी मोजायचे. या रेणूंना मेटाबोलाइट म्हणतात.

मरणार नाहीत इतक्या कमी मात्रेत गांडुळांना रसायनाच्या संपर्कात ठेवतात. नंतर ती झटकन गोठवतात, त्यांच्या ऊतींचा अर्क काढतात आणि तो एनएमआर यंत्रात तपासतात. हॉस्पिटलमधलं एमआरआय ज्या तत्त्वावर चालतं, त्याच तत्त्वावर हे यंत्र चालतं. प्रत्येक रेणूची खूण आलेखावर वेगळी उमटते. मग स्वच्छ वातावरणातल्या गांडुळांचा आलेख शेजारी ठेवून फरक शोधतात.

२००९ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने याच पद्धतीने डीडीटी आणि एंडोसल्फान तपासलं. गांडुळं मरणार नाहीत इतक्या मात्रेतही त्यांच्या शरीरातल्या रेणूंचं गणित बदललेलं दिसलं. अॅलॅनिन या अमिनो आम्लात झालेला बदल त्यात ठळक होता. एंडोसल्फान म्हणजे तेच, ज्याच्यामुळे केरळातल्या कासरगोडची शोकांतिका देशाला कळली आणि ज्यावर २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी आणली.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. उपासमार, तापमान किंवा मातीचा प्रकार बदलला तरी गांडुळातले रेणू बदलतात. त्यामुळे तुलनेसाठी चांगल्या मातीतली गांडुळं सोबत तपासावीच लागतात. प्रयोगशाळेतला निष्कर्ष जसाच्या तसा शेताला लावता येत नाही. एका तपासणीवरून माती पास की नापास, असं सांगता येत नाही. पण काहीतरी बिघडतंय ही सूचना मात्र खूप आधी मिळू शकते.

१९५५ मध्ये ही सूचना मेलेल्या रॉबिन पक्ष्यांनी दिली होती. तोवर फवारणी होऊन, पानं गळून, गांडुळांच्या अंगात विष साठून वर्ष उलटलं होतं.

म्हणून पुढच्या वेळी फवारणीनंतर शेतात किंवा कुंडीत गांडूळ दिसलं, तर ते जगलंय याचा आनंद जरूर माना. फक्त त्यावरून माती सुरक्षित आहे असं ठरवू नका. त्या गांडुळाला कोण खाणार आहे, हा पुढचा प्रश्न विचारायला रेचल कार्सन यांनी जगाला शिकवलं. त्यासाठी त्यांनी आपल्या आयुष्याची शेवटची वर्षं खर्ची घातली.